एवढं एक बघतो, मग लिहितो

जुळे सोलापुरात सध्या पाण्याची असेल, पण लेखकांची टंचाई अजिबात नाही. आसरा चौकातून आत वळा, कुठल्याही कॉलनीत शिरा, एक तरी निवृत्त गृहस्थ आत्मचरित्राच्या दुसऱ्या प्रकरणात अडकलेले सापडतील. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक ऐतिहासिक कादंबरी आहे. तिच्यातला घोडेस्वार गेली कित्येक वर्षं पहिल्या परिच्छेदात टाच मारून उभा आहे, घोडा काही पुढे जात नाही. वरच्या मजल्यावरचा तरुण वेब सीरिज लिहितोय. तिचं नाव ठरलंय, पोस्टर झालंय, मुख्य भूमिकेत कोण हवं तेही ठरलंय. लिहायची तेवढी राहिली आहे.

तयारी म्हणाल तर जय्यत. वाड्यात, चाळीत, कंदिलाखाली लिहिणाऱ्यांना जे मिळालं नाही ते सगळं इथे आहे. स्वतंत्र खोली आहे, फिरती खुर्ची आहे, पाठीला उशी आहे. लॅपटॉप आहे, त्याला वायफाय आहे, वायफाय गेलं तर फोनचा हॉटस्पॉट आहे आणि तोही गेला तर बायकोच्या फोनचा आहे. नाही ते फक्त दुसरं पान. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बसतो हो रोज लिहायला. पण लक्षच लागत नाही बघा. हा मोबाइल!"

हे सांगताना मोबाइल हातातच असतो. अंगठा चालू असतो.

मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधक आहेत. त्या वीसेक वर्षं माणसांच्या लक्षाचं घड्याळ लावून बसल्या आहेत. 2004 साली माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या मोजणीत तो 47 सेकंदांवर आला, असं त्यांनी 2023 सालच्या पुस्तकात लिहिलंय. 47 सेकंदांत माणूस ज्ञ कसा टाइप करायचा एवढंच शोधू शकतो. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली आणखी वाईट बातमी दिली. फोनचा आवाज बंद करा, टेबलावर पालथा घाला, तरी तो नुसता जवळ असल्यानेच डोकं कमी चालतं आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांचं त्यापेक्षा बरं चालतं, असं त्यांना आढळलं. पुढे काही संशोधकांना हा परिणाम तसा सापडला नाही, त्यामुळे भांडण चालू आहे. आमच्या आत्मचरित्रकारांनी मात्र दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. ते फोन पालथा घालतात आणि दर मिनिटाला तो सुलटा करून, पालथा नीट पडलाय ना, ते बघतात.

परदेशातले लेखक या बाबतीत जास्त कडक. जोनाथन फ्रान्झेन या अमेरिकन कादंबरीकाराने लॅपटॉपच्या इंटरनेटच्या खाचेत सुपरग्लू घालून वायर चिकटवली आणि तिचं डोकं कापून टाकलं. खाच कायमची बंद. झेडी स्मिथ या इंग्लंडच्या कादंबरीकार बाईंनी 2012 सालच्या आपल्या कादंबरीत आभार मानताना इंटरनेट बंद पाडणाऱ्या दोन सॉफ्टवेअरचेही आभार मानले. आपल्याकडे हे चालणार नाही. सकाळी खाचेत डिंक घातला तर संध्याकाळी माणूस लॅपटॉप घेऊन नवी पेठेत उभा राहील आणि दुकानदाराला म्हणेल, "पोरानं काहीतरी घातलंय बघा यात." शिवाय दुरुस्ती होईपर्यंत वेळ जात नाही म्हणून फोन बघेल.

आणि खरं सांगायचं तर हे सगळे उपाय चोवीस तास नळाला पाणी असणाऱ्या देशांतले. 'फोन दुसऱ्या खोलीत ठेवा' हे वाक्य लिहिणाऱ्याने सोलापुरात घर केलेलं नाही. इथे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. कुठल्या दिवशी, ते साधारण कळतं. किती वाजता, ते नळालाच ठाऊक. मग कॉलनीचा व्हॉट्सॲप गट असतो आणि त्यावर कुणीतरी टाकतं, 'पाणी सुटलं'. या दोन शब्दांवर पुढच्या चार दिवसांचा संसार चालतो. आता माणसाने एकाग्रतेची उपासना करावी की मोटार लावावी? माझं उत्तर स्पष्ट आहे. मोटार लावावी. टाकी रिकामी ठेवून कुणी महाकाव्य लिहिलेलं ऐकिवात नाही.

पण पुढचं बघा. पाणी सुटलं का, हे बघायला तो गट उघडतो. तिथे पाणी नसतं. तिथे कुणाच्या नातवाचा केक असतो, पार्किंगमध्ये सापडलेली किल्ली असते, डी-मार्टमध्ये आज गर्दी कमी असल्याची खबर असते, गड्ड्याच्या यात्रेतला तोच तो जुना फोटो असतो. आणि चिमणी असते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानतळाच्या आड येते म्हणून 15 जून 2023 रोजी पाडली. चिमणी काही सेकंदांत खाली आली. तिचा व्हिडिओ मात्र गटागटांत अजून उभा आहे. तो एकदा बघितला की हळूगतीतला बघावासा वाटतो, मग दुसऱ्या बाजूने काढलेला, मग जगातल्या पडलेल्या इतर चिमण्या. दीड तासाने गृहस्थ भानावर येतात तेव्हा पाणी येऊन गेलेलं असतं. आत्मचरित्रही गेलं आणि टाकीही.

तरीही मोबाइलचा आवाज, गलका, गडबड हे कारण मला पटत नाही. निदान सोलापुरात तरी शांततेची मागणी करू नये. या शहराने शंभराहून अधिक वर्षं खडखडाटात काढली आहेत. पूर्व भागात आजही अनेक घरांत खाली यंत्रमाग आणि वर संसार. ज्या खडखडाटात दोन माणसांना हातवारे करून बोलावं लागतं, त्यात पोरांनी अभ्यास केला, बायकांनी विड्या वळता वळता गाणी म्हटली. लक्ष्मीनारायण बोल्ली याच विणकरांच्या वस्तीतले. मराठीत लिहिलं, तेलुगूतही लिहिलं आणि आपल्या आत्मचरित्राचं नाव ठेवलं 'एका साळियाने'. त्यांचं ते पुरं झालं, छापूनही आलं. कवी संजीव याच शहरात बसून 'भाऊबीज' चित्रपटाची गाणी लिहीत होते. तेव्हाचं सोलापूर काही मठ नव्हतं, गिरण्यांचं गाव होतं.

मागाच्या खडखडाटाचं एक बरं असतं. तो कुणाला उद्देशून नसतो. माग तुम्हाला नावाने हाक मारत नाही. 'कुणीतरी तुमची आठवण काढली', 'तुमच्या फोटोवर तिघांनी काही म्हटलं', 'तुम्ही बरेच दिवस फिरकला नाहीत' असलं तो बोलत नाही. तो आपला चालतो आणि आपण आपलं चालतो. मोबाइल आवाजाने त्रास देतच नाही. तो बिचारा थरथरतो फक्त. पण ती थरथर तुमच्या एकट्यासाठी असते, आणि आपल्या एकट्यासाठी काही आलंय म्हटल्यावर उठून न बघणारा माणूस अजून जन्मायचा आहे. (डीजे हा यातला अपवाद. तोही कुणाला उद्देशून नसतो, पण त्याच्यापुढे लेखक काय, खिडकीच्या काचाही एकाग्र राहू शकत नाहीत.)

आता मुख्य दुखण्याकडे येतो. मोबाइल वेळ खातो, हे सगळे सांगतात. वेळ काय, पूर्वीही जात होता. पारावर जात होता, पानाच्या ठेल्यावर जात होता, भारनियमनाच्या दिवसांत तर घाम पुसण्यातच जात होता. मोबाइलने लेखकाचं वेगळंच नुकसान केलंय. त्याने लिहिण्याआधीच लिहिल्याचं बक्षीस द्यायला सुरुवात केली.

पूर्वीची रीत आठवा. कविता मासिकाला पाठवायची. सोबत आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घालायचं, म्हणजे अपमान आपल्याच खर्चाने घरी येतो. मग महिना-दोन महिने पोस्टमनची वाट बघायची. एक दिवस पाकीट परत येतं, आत चिठ्ठी: साभार परत. संपादकाला चार शिव्या घालायच्या आणि रात्री ती कविता पुन्हा काढून बसायचं. शिव्या देता देता तिसरी ओळ खरंच लंगडी आहे हे लक्षात यायचं. मराठीतल्या कितीतरी बऱ्या कविता या 'साभार परत'च्या रागातून सुधारल्या असतील. आता काय होतं? दोन ओळी सुचल्या की त्या रंगीत फुलांच्या चौकटीत बसतात आणि गटावर पडतात. मिनिटभरात अंगठे, हात जोडलेले, टाळ्या. 'अप्रतिम!' 'व्वा सर!' आणि एक जण हमखास 'निःशब्द!' असं शब्दांत लिहितो. टाळी मिळाली. आता तिसरी ओळ कशाला? कादंबरीचं तसंच. 'नव्या कादंबरीचा आज श्रीगणेशा' असं लिहून कोऱ्या पानाचा आणि वाफाळत्या कपाचा फोटो टाकला की दोनशे जण अभिनंदन करतात. दोनशे जणांनी ज्या गोष्टीचं अभिनंदन केलं ती पुन्हा करायची कशाला?

म्हणून मला तो 'लक्ष लागत नाही' हा शब्दप्रयोग खोटा वाटतो. लक्ष अगदी छान लागलेलं असतं. किती जणांनी बघितलं, याच्यावर.

यावर तुरुंगाचा दाखला देण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. टिळकांनी 1910-11च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, तेही शिसपेन्सिलीने, कारण दौत-टाक द्यायला सरकार तयार नव्हतं. साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहून काढला. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते हाताने उतरवून घेत होते. 'रेकॉर्डिंग टाका की गटावर' असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. हे ऐकून आमचे एक परिचित उसासा टाकून म्हणाले, "आम्हाला असा एकांत मिळाला असता तर!" त्यांना सांगावंसं वाटलं की त्या तुरुंगांत त्याच वर्षांत आणखी हजारो माणसं होती. त्यांच्याकडेही मोबाइल नव्हता. त्यांतल्या फारच थोड्यांनी ग्रंथ लिहिला. तुरुंग मिळून भागत नाही, डोक्यात काहीतरी घेऊन आत जावं लागतं. आणि काही नसेल तर उगाच सरकारी भाकरीवर भार.

तर एकट्याने संयम पाळण्याचा उपाय नाही, कोठडीचाही नाही. मग जो झाला आणि चालला, तो बघू. तो सांगली जिल्ह्यात सापडतो.

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचं गाव. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर गेली आणि शाळा परत वर्गात आली तरी पोरं मोबाइलमधून परत आली नाहीत. 14 ऑगस्ट 2022 रोजी ग्रामसभेत ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की गावातले टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं, हवं ते करायचं. साडेआठला पुन्हा सगळं सुरू. सुरुवातीला लोक हसले. हसणारच. सातची वेळ म्हणजे मालिकांची ऐन कमाईची वेळ. म्हणून आधी गावातल्या बायकांची सभा घेतली, आणि त्या तयार झाल्या. मग पंचायतीचे लोक, शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. कुणी टीव्ही लावून बसलंय का, ते बघितलं. म्हणजे पोलिसही त्यांचेच आणि चोरही त्यांचेच. पुढे या दीड तासाची बातमी परदेशापर्यंत गेली आणि लोकांनी ती, अर्थातच, मोबाइलवर वाचली.

या गावाला एक गोष्ट कळली जी आमच्या फिरत्या खुर्चीतल्या लेखकांना कळत नाही. एकट्याने फोन बंद केला की मन तिकडेच राहतं, कारण बाकीचे सगळे तिकडे जत्रेत असतात. सगळ्यांनी एकदम बंद केला की जत्राच उठते. चुकवण्यासारखं काही उरत नाही. आणि लेखकाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की टाळी वाजवायलाही कुणी उरत नाही. अशा दीड तासात कोऱ्या पानाचा फोटो टाकून उपयोग काय? नाइलाजाने त्यावर लिहावं लागतं.

भोंगा सोलापूरला नवा नाही, हे सांगायला नकोच. 1877 साली जुनी गिरणी चालू झाली, मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या आणि पुढची कित्येक दशकं सगळं शहर भोंग्यावर उठलं, जेवलं आणि झोपलं. घड्याळ नसलेल्या घरातही पाळी कधी सुटते ते कळत होतं. त्या भोंग्याचे दोन आवाज होते, एक कामावर या सांगणारा आणि एक आता घरी जा सांगणारा. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा शेंगांपेक्षा स्वस्त झाला आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र भोंगा बसला. हा दिवसरात्र वाजतो, कामावर बोलावतो, कामावरून उठवतो आणि घरी जा असं कधीच म्हणत नाही. गिरणीच्या मालकांनीही असली पाळी कधी लावली नव्हती. लावली असती तर संप तरी झाला असता.

मग जुळे सोलापुरात एखाद्या कॉलनीने सातचा भोंगा का लावू नये? मी हे एका सोसायटीच्या बैठकीत बोलून बघितलं. सगळ्यांना कल्पना फार आवडली. एकाने लगेच सुचवलं की 'मोबाइलमुक्त सायंकाळ' नावाचा व्हॉट्सॲप गट काढू. दुसरे म्हणाले, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं. तिसऱ्यांनी सात ते साडेआठ ही वेळ गैरसोयीची आहे, पहाटे साडेतीन ते पाच करावी, असं सुचवलं. तेव्हा सगळे झोपलेले असतात, त्यामुळे शंभर टक्के यश. एक बाई तेवढ्या मुद्द्याचं बोलल्या. "आणि त्या वेळात पाणी सुटलं तर?"

उत्तर सोपं आहे. ज्याच्या नळाला पहिलं येईल त्याने गच्चीवर जाऊन ओरडायचं. गट निघण्याआधी सोलापुरात पाणी असंच सुटायचं, आणि कुणाची टाकी रिकामी राहत नव्हती. शेजाऱ्याला हाक मारण्याइतके संबंध उरले नसतील, तर आधी ते जोडा, कादंबरी नंतर.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. चार घरं मिळून ठरवा. फलक नको, उद्घाटन नको, सेल्फी नको. दीड तास सगळ्यांचे फोन एका घरातल्या एका डब्यात. त्या वेळात जे लिहाल ते पुरं होईपर्यंत कुणाला दाखवू नका, गटावर तर मुळीच नाही. पुरं झालं की एखाद्या कडक संपादकाला पाठवा आणि 'साभार परत' आलं तर खूश व्हा, निदान कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं. आणि ज्यांना हा दीड तासही जड जातो, त्यांनी लेखकपणाचा राजीनामा देऊन सरळ हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासद व्हावं. शहरात लिहिणारे पुष्कळ झालेत, वाचणाऱ्यांच्या जागा भरायच्या आहेत.